पऱ्हाटीची फळी आणि चार पंच

नवी वस्तू नाक्यावर आली की आमचे नाकेदार आधी तिचा वास घेत, मग तिला जिभेचं टोक लावत आणि मग डोळे मिटून बसत. गाडीवान ताटकळत उभा, बैल शेपट्या हलवत उभे आणि मी लेखणी शाईत बुडवून उभा. साबण, घोंगडी, मोटारीचं टायर, नवरदेवाच्या मुंडावळ्या, सगळं त्या जिभेनं पारखलेलं होतं. नवसागराच्या वेळी तर तीन दिवस त्यांना जेवणाची चव लागली नाही. पण नवसागर 'औषधं व रंग' या सदरात बिनचूक गेला, या समाधानात त्यांनी ते तीन दिवस काढले.

वाशीमकडच्या आमच्या गावाबाहेर, आसेगावच्या रस्त्यावर, म्युनिसिपालिटीचा जकात नाका होता. जर्मनच्या पहिल्या लढाईचे दिवस. नाका म्हणजे एक कौलारू खोली, तिच्या शेजारी गाड्यांसाठी लांब छपरी, रस्त्यावर आडवा बांबू, तो उचलणारा गडी आणि आम्ही दोघं. ते नाकेदार, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. गावात येणारा माल छापील पत्रकातल्या कोणत्या सदरात बसतो ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे जकात घ्यायची, एवढंच काम. दुसऱ्या नाक्यांवर ते एका चिलमीत आटपायचं. मी स्वतः चार वांगी नाहीतर मूठभर मिरच्या घेऊन पुष्कळ गाड्या सोडल्या आहेत, आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. नाकेदारांनी कधी कोथिंबिरीची काडीसुद्धा घेतली नाही. त्यामुळे त्यांच्या हाताखालची नोकरी फार कोरडी होती.

त्यांचं एक तत्त्व होतं. ते म्हणत, "वस्तू कुठून आली ते गाडीवान सांगते. तो खोटं बोलू शकते. वस्तू संपते कशी ते पाहा. संपताना कोणी खोटं बोलत नाई."

हा शेवट पाहायला त्यांनी चार पंच नेमले होते: विस्तव, पाणी, बैल आणि उदई, म्हणजे वाळवी. नव्या वस्तूचा एक तुकडा चुलीत जाई, दुसरा घमेल्यात भिजत पडे, तिसरा म्युनिसिपालिटीच्या कचरागाडीच्या म्हाताऱ्या बैलापुढं ठेवला जाई आणि चौथा नाक्यामागच्या वारुळात पुरला जाई. निखारा पडला तर लाकूड, लगदा झाला तर कागद, बैलानं खाल्लं तर चारा. उदईनं खाल्लं तर काय, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण तिच्या मताला ते सगळ्यांत जास्त मान देत, कारण त्यांच्या मते तिला कोणी लाच देऊ शकत नव्हतं.

एकदा गावातल्या बड्या देशमुखांकडे लग्न होतं आणि अकोल्याहून मोटारीनं बर्फ आला. लाकडाच्या भुशात पुरलेला, वरून पोती गुंडाळलेली. पत्रकात बर्फ नव्हता. नाकेदारांनी जीभ लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "शेवट पाहू." वैशाखातली दुपार होती, त्यामुळे शेवट पाहायला फार वेळ लागला नाही. देशमुखांचा माणूस रडकुंडीला आला.

"सोडा नं साहेब! मालक मले उभा जाळतीन!"

"थांब. झालंच."

मग त्यांनी नोंद केली, 'पाणी. जकात माफ.' आणि ओल्या भुशाकडं बोट दाखवून मला म्हणाले, "भुशाची घ्या. तो लाकडात येते."

नोंदवहीला छापील सात रकाने होते. आठवा नाकेदारांनी स्वतः पट्टीनं आखला होता आणि त्याच्या डोक्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'शेवट'. पत्रावळी, शेवट: उकिरडा. फटाके, शेवट: आवाज. या आठव्या रकान्याबद्दल वरून दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा त्यांनी इतकं लांबलचक उत्तर पाठवलं की तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. नोंद पुरी झाली की ते मला विचारत, "शाई वाळली का?" मी हो म्हणालो की हात वर करून बांबूवाल्याला सांगत, "सोडा गाडी." शाई ओली असताना गाडी सुटलेली त्यांना खपत नसे. का ते विचारायची माझी छाती नव्हती.

पत्रकाच्या अगदी तळाशी एक सदर होतं, 'इतर जिन्नस'. बाकीच्या नाक्यांवर अर्धा गाव त्यातून आत जायचा. आमच्याकडं सोळा वर्षांत त्या सदरात एक नोंद नव्हती.

"इतर म्हंजे काय, समजते का तुमाले?" ते मला विचारत. "इतर म्हंजे मले कळलं नाई, असं सरकारी वहीत लिहून देणं. मी कायले लिहून देऊ?"

सणावाराला मी त्यांच्या घरी जेवायला जात असे. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. घर सांभाळायची धाकटी बहीण, गोदी. अठरा-एकोणीस वर्षांची आणि विधवा. सासरच्यांनी वर्षाच्या आत परत पाठवलेली. ती दाराआडून ताट सरकवायची आणि तिथंच बसून राहायची. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि मला वाटतं भावानंही फारसा ऐकला नव्हता. फटाक्यांपासून बर्फापर्यंत सगळ्यांना जागा शोधून देणाऱ्या या माणसाला घरातली ही पोर कुठं बसवावी ते सुचत नव्हतं. ते त्यांना बोचायचं. जेवता जेवता दाराकडं बघत आणि भात तसाच टाकून उठत, हे मी पाहिलं आहे.

गावात मुलींचा एक वर्ग होता. तो चालवणाऱ्या बाई अमरावतीकडच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या आणि कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्या एक दिवस नाकेदारांच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "गोदीले माझ्याकडं पाठवा. तिले मी परीक्षेले बसवते. पुढं मास्तरीण होईन." नाकेदारांनी आठ दिवस विचार करून हो म्हटलं. पण अडचण अशी, की शाळेत मोठं दालन एकच. एका टोकाला मुलांचा वर्ग, दुसऱ्या टोकाला मुलींचा. लोक आपापल्या पोरी काढून घेऊ लागले, आणि गोदीसारखी तरणी विधवा तर मास्तरांच्या डोळ्यांसमोर बसणं शक्यच नव्हतं.

शाळा कमिटीच्या चेअरमनसाहेबांना हा वर्ग मुळातच नको होता. ते स्पष्ट बोलणारे गृहस्थ नव्हते, ठराव करणारे होते. त्यांनी ठराव केला, की पोळ्यापर्यंत दालनात मध्ये आडोसा झाला तर वर्ग चालेल, नाहीतर बंद होईल. घरोघर असतो तसा पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, मातीनं लिंपलेला कूड चालणार नाही, कारण एकादशीच्या कीर्तनाला दालन मोकळं करावं लागतं. उभ्या करता येतील, काढता येतील अशा फळ्याच हव्यात. आणि सागवान तर लढाईमुळं कुठं मिळत नव्हतं. ठराव एकमतानं पास झाला.

पण कमिटीला एक माणूस ठाऊक नव्हता. आसेगावकडं एक मिस्त्री होता, कापसाच्या गठाणी दाबायच्या प्रेसमधला. हंगाम संपला की प्रेस बंद आणि मिस्त्री रिकामा. त्या रिकामपणात त्यानं पऱ्हाट्या कुटल्या, अंबाडीचा वाख मिसळला, चिंचोक्याची खळ आणि निंबोळीची पेंड घातली आणि तो काला प्रेसमध्ये दाबून उन्हात वाळवला. निघाली ती चक्क फळी. खिळा धरणारी, टिचकी मारली तर वाजणारी. बाईंनी वीस फळ्या सांगितल्या. पोळ्याला महिना असताना मिस्त्री गाडीवर पाल टाकून, फळ्या घेऊन नाक्यावर आला.

"काय हाय हे?" नाकेदारांनी विचारलं.

"फळ्या हाय, साहेब."

"लाकडाच्या?"

"नाई जी. पऱ्हाटीच्या."

"मंग सरपण म्हण नं!"

"सरपण काहून म्हणू? जाळाले थोडीच आणलं!"

नाकेदारांनी वास घेतला, जीभ लावली आणि डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की मी ओळखलं, हे प्रकरण आता लांबणार. मी हळूच म्हणालो, "साहेब, इतरमध्ये टाकून देऊ. वर्ग गोदाताईंचा हाय."

त्यांनी डोळे उघडले. "म्हणूनच नाई टाकत. उद्या गाव म्हणंन, बहिणीसाठी सोडल्या. सदरात बसल्या तर सुखानं जातीन."

आणि पंच बसले.

विस्तवात तुकडा टाकला, तर निखारा पडला. म्हणजे इमारती लाकूड. पण इमारती लाकडाला जंगल खात्याचा पास लागतो. मिस्त्री बिचारा पावसात जंगल खात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं विचारलं, तोडलेल्या झाडाच्या खोडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का कुठं आहे? मिस्त्री परत आला तो चिखलानं माखलेला.

"साहेब, पऱ्हाटीचं खोड माझ्या आंगठ्याएवढं. त्याच्यावर हातोडा मारला तर शिक्का उठंन का आंगठा जाईन?"

पाण्यात तुकडा टाकला, तर दोन दिवसांनी लगदा झाला. म्हणजे कागद. पण शाळेला कागद पुरवायचा मक्ता चेअरमनसाहेबांच्या साडूकडं होता, आणि दुसऱ्या कोणाचा कागद शाळेच्या दारातून आत जात नव्हता. वारुळात आठ दिवस पुरलेला तुकडा उकरून काढला, तर उदईनं त्याला तोंडही लावलेलं नव्हतं. निंबोळीच्या पेंडीचा प्रताप. नाकेदार तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसले. उदईनं मत द्यायचं नाकारल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

उरला बैल. तो त्याच सुमारास खुरकतीनं आजारी पडला आणि कशालाच तोंड लावीना. मी म्हणालो, दुसरा बैल बघू, गावात बैलांना काय तोटा? नाकेदार माझ्याकडं असे बघत राहिले, की मी विषय सोडून दिला. पंच एकदा नेमला की नेमला.

एवढं मात्र सांगायला हवं. फळ्या पावसात भिजू नयेत म्हणून त्यांनी त्या आमच्या खोलीत रचायला लावल्या. खोलीत मग माणसाला जागा उरली नाही. श्रावणभर आम्ही दोघं छपरीत, झडीत, मांडीवर वही घेऊन बसलो. रोज घरी जाताना ते स्वतःची घोंगडी फळ्यांवर टाकून जात आणि डोक्यावर पोतं घेऊन चालत. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा बाईच नाक्यावर आल्या. एकट्या नाही, अकरा पोरी घेऊन. बारावी गोदी, कपाळावरून पदर ओढलेली.

"नाकेदार, आमचा आडोसा तुमच्याजवळ अटकून हाय," बाई म्हणाल्या. "तो शाळेत येत नाई, तर शाळा इथं येते. आता माझा वर्ग या छपरीत भरंन. यानं तुमचं कोणतं कलम मोडते ते दाखवा."

नाकेदारांनी पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. असं कलम नव्हतं. मग त्यांना इलाज उरला नाही. मिस्त्रीनं फळ्या बाहेर काढून छपरीत उभ्या केल्या. अलीकडं आम्ही, बैलगाड्या आणि गाडीवान. पलीकडं मुलींचा वर्ग. जकात ठरेपर्यंत थांबलेले गाडीवान फळीला पाठ लावून पाढे ऐकायचे. मेडशीचा एक जण तर जकात भरून झाली तरी हलायचा नाही. त्याची सतराच्या पाढ्यात गाडी अडकली होती, तो म्हणायचा, एवढा ऐकून जातो. पोरींचे आवाज दिवसभर यायचे. गोदीचा मात्र नाही. भाऊ पलीकडं बसलेला आहे म्हटल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल आला. बरा झालेला, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं. त्याचा गाडीवान त्याला पोळीचा मान घ्यायला दारोदार फिरवत होता. संध्याकाळी कमिटीची सभा होती आणि वर्ग बंद करायचा ठराव लिहून तयार होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. नाकेदार फळीचा तुकडा हातात घेऊन घाईनं उठले. मी त्यांना घाईत तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तुकडा बैलाच्या तोंडापुढं धरला, तसा गाडीवान मध्ये पडला.

"आज नाई, साहेब. आज बैलाले काम सांगत नाई."

"अरे, खाणं काम हाय का?"

"खाणं नसंन. साक्ष देणं काम हाय. तुमीच म्हंता नं, हा पंच हाय म्हणून?"

सण म्हणून गाड्या न जुंपता नुसते पाढे ऐकायला आलेले गाडीवान पुढं सरकले. सोळा वर्षांत नाकेदारांना त्यांच्याच नियमानं कोणी अडवलं नव्हतं. त्यांनी तुकडा खिशात घातला, बैलाला पुरणपोळी चारली, त्याच्या पाया पडले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही.

तेवढ्यात पलीकडून बाईंचा आवाज आला. "गोदे, आज तू वाच. मोठ्यानं वाच. उद्या वर्ग राहीन का नाई, कोणाले माहीत?"

पोरींजवळ पुस्तकं दोनच. त्यामुळं बाई वाचनासाठी हाताला येईल तो छापील कागद घ्यायच्या, आणि छपरीत आमचं जकातीचं पत्रक खिळ्याला टांगलेलं होतं. गोदीनं ते वाचायला घेतलं.

"तूर. मूग. उडीद." आवाज आधी चाचरत होता. "गूळ. मीठ. गोडं तेल." मग तो सरळ झाला. "कापूस, सरकीसह. कापूस, सरकी काढलेला. इमारती लाकूड. सरपण. कडबा व इतर चारा." ज्या यादीवर या माणसानं आयुष्य घालवलं, ती तिच्या तोंडून एकेक ओळ खाली उतरत होती. एक जोडाक्षर चुकलं नाही. नाकेदार उठून फळीजवळ गेले आणि तिच्यावर हात टेकून उभे राहिले. भांडी, कापड, औषधं व रंग, सगळं वाचून होईपर्यंत ते हलले नाहीत. मग गोदी थांबली. तिनं शेवटची ओळ वाचली.

"इतर जिन्नस."

नाकेदार परत आले. माझ्या हातातली लेखणी घेतली आणि स्वतः नोंद केली. फळ्या, पऱ्हाटीच्या, नग वीस. सदर: इतर.

"शाई वाळली का?" त्यांनी विचारलं.

"वाळली," मी म्हणालो. वाळलेली नव्हती.

"सोडा गाडी."

पोळ्याच्या दिवशी मिस्त्री बैल कसे जुंपणार, म्हणून गाडी मेडशीवाल्यानं आणि इतर गाडीवानांनी स्वतः ओढली. संध्याकाळी कमिटी सभेला आली तेव्हा दालनात आडोसा उभा होता. चेअरमनसाहेबांनी त्याला टिचकी मारून पाहिली, आणि तयार ठराव खिशात घातला. पुढं त्यांनीच तक्रार केली, की नाकेदारांनी बहिणीसाठी माल सोडला. चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, हे खरं का? नाकेदार म्हणाले, "खरं हाय." त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी वहीत चिकटवून ठेवली.

लढाई संपली, सागवान पुन्हा मिळू लागलं आणि मिस्त्रीच्या फळ्या कोणी विचारीना. तो परत गठाणी दाबू लागला. ज्या मालाचं सदर ठरवायला आम्ही महिना घेतला, तो माल दोन वर्षंही चालला नाही. शाळेला नवीन खोल्या झाल्यावर आडोसा निघाला. तोवर गोदी परीक्षा पास होऊन मेडशीच्या शाळेत मास्तरीण झाली होती.

परवा कचेरीतली जुनी दफ्तरं रद्दीत निघाली, तेव्हा मी ती वही उचलून आणली आणि मेडशीला गेलो. नाकेदार आता बहिणीकडंच असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसणं जवळजवळ गेलेलं. ओसरीत बाजेवर पडलेले होते. त्यांनी वही हातात घेतली आणि आधी तिचा वास घेतला. गोदाबाई शाळेतून आल्या, केस पिकलेले, बोटांना खडू. मी पान काढून दिलं आणि त्यांनी ती नोंद मोठ्यानं वाचली. वाचता वाचता थांबल्या.

"काहून थांबली?" नाकेदारांनी विचारलं.

"दादा, पुढं काही नाई. शेवटाचा रकाना कोरा हाय."

मी ते तोवर पाहिलंच नव्हतं. हजारो नोंदींत तो एकच रकाना कोरा होता. नाकेदार म्हणाले, "त्या फळ्यांचं काय झालं?"

"बाकीच्या कुठं गेल्या, माहीत नाई. एक बाईनं मले दिली होती, मी पास झाले तवा. काळा रंग देऊन शाळेत लावली हाय. रोज तिच्यावरच लिहिते मी."

"मंग लिही त्या रकान्यात."

"काय लिहू, दादा?"

"लिही, अजून कामात हाय."

गोदाबाईंनी दौत मागवली आणि लिहिलं. अक्षर अगदी भावासारखं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"शाई वाळली का?"

गोदाबाईंनी पानावर हळूच फुंकर घातली आणि ते पान वाळेपर्यंत थांबल्या. "वाळली, दादा."

नाकेदारांनी पडल्या पडल्या हात वर केला.

"सोडा गाडी."